माम्बाची शिकार का होत नाही?

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया यांसारख्या देशांत परवाना काढून आणि शुल्क भरून वन्यपशूंची शिकार करणे आजही कायदेशीर आहे. केनियाने मात्र 1977 मध्ये अशा शिकारीवर बंदी घातली. जिथे शिकार चालते, तिथे प्रत्येक प्राण्याचा दर ठरलेला असतो आणि सिंह, बिबट्या, आफ्रिकी रानम्हैस, मगर यांच्यासाठी परदेशी पाहुणे भरभक्कम रक्कम मोजतात. आफ्रिकेतला सर्वांत धास्तीचा प्राणी कोणता, असे याच शिकाऱ्यांना विचारले, तर गप्पांच्या ओघात हमखास ‘ब्लॅक माम्बा’ या सापाचे नाव निघते. तरीही त्या दरपत्रकात माम्बा सहसा सापडत नाही. ज्याची एवढी दहशत आहे, त्याला मारण्यासाठी कोणी पैसे का देत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सापाच्या सवयी, विषाची क्रिया, औषधाची निर्मिती आणि ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ असे सगळेच समजून घ्यावे लागते.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला आहे. तो अरबी ‘सफर’पासून आला, म्हणजे आपण मराठीत ज्याला सफर म्हणतो तोच हा शब्द आहे. मुळात त्याचा अर्थ केवळ प्रवास असा होता. गोऱ्या शिकाऱ्यांच्या तांड्यांमुळे त्याला बंदुकीचा वास लागला आणि आता कॅमेरेवाल्या पर्यटकांमुळे तो वास हळूहळू उडत चालला आहे. पायी जाऊन मारायला सर्वांत अवघड म्हणून शिकाऱ्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस अशा पाच जनावरांची एक यादी केली होती. या पाचांपैकी प्रत्येकाचे शिंग, सुळा, कातडे किंवा मुंडके भिंतीवर मिरवता येते. माम्बा मारून मात्र हाती लागते ते राखाडी रंगाचे, दोरखंडासारखे लांब धूड, आणि ते पाहुण्याला दाखवले तरी त्याला ते धामणीसारखेच वाटण्याची शक्यता अधिक असते.

कारण नावात ‘ब्लॅक’ असले तरी हा साप काळा नसतो. त्याचे अंग राखाडी, तपकिरी किंवा ऑलिव्ह छटेचे असते आणि पोटाचा भाग फिकट असतो. काळा असतो तो त्याच्या तोंडाचा आतला भाग. धोका वाटला की हा साप शरीराचा पुढचा सुमारे एक तृतीयांश भाग उचलतो, मान किंचित पसरतो, जबडा उघडतो आणि शाई सांडल्यासारखा तो काळा जबडा समोरच्याला दाखवतो. जर्मनीत जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ आल्बर्ट गुंथर यांनी 1864 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘डेंड्रोॲस्पिस पॉलिलेपिस’ असे नाव मिळाले. ‘माम्बा’ हा शब्द मात्र झुलू भाषेतला आहे. पूर्ण वाढ झालेला साप साधारण 2 ते 3 मीटर लांब असतो आणि काही साप 4 मीटरच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. विषारी सापांमध्ये आफ्रिकेत याच्याहून लांब कोणी नाही आणि जगात फक्त आपल्याकडचा नागराज त्याच्या पुढे आहे.

माम्बाचा मुक्काम बहुधा वाळवीच्या सोडून दिलेल्या वारुळात, पोकळ झाडात किंवा खडकांच्या कपारीत असतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही आपली म्हण त्याला तंतोतंत लागू पडते, कारण घर बांधायचे कष्ट वाळवीने घ्यायचे आणि महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, राहायचे माम्बाने. सकाळी ऊन वर आले की तो बिळाच्या तोंडाशी किंवा जवळच्या फांदीवर अंग शेकत पडतो, मग उंदीर, खारी, पक्षी किंवा खडकांत राहणारा सशाएवढा हायरॅक्स यांच्या मागे निघतो आणि पुन्हा त्याच बिळात परततो. हा क्रम लक्षात घेतला, की माम्बा माणसाचा पाठलाग करतो या प्रसिद्ध कथेचा उलगडा होतो. माणूस नकळत साप आणि त्याचे बीळ यांच्या मध्ये उभा असतो, घाबरलेला साप बिळाकडे धाव घेतो आणि पाहणाऱ्याला तो आपल्यावर चालून आला असे वाटते. आपल्याकडे साप डूख धरतो असे मानतात, त्याच जातीची ही समजूत आहे. माम्बाचा वेग थोड्या अंतरापुरता ताशी 15-16 किलोमीटरच्या आसपास असतो आणि तो त्याला फार काळ टिकवता येत नाही. म्हणजे धडधाकट माणूस त्याच्याहून जोरात पळू शकतो. घोड्यालाही गाठणाऱ्या माम्बाच्या कथा शेकोटीभोवती बसून ऐकायलाच बऱ्या.

आणखी एक समजूत आपल्या गावाकडच्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल. दोन माम्बा एकमेकांना वेटोळे घालून, माना वर काढून एकमेकांना खाली दाबत असलेले दिसले की लोक त्यांना जोडी जुळलेली समजतात. प्रत्यक्षात ते दोन नर असतात आणि मादीसाठी जोर आजमावत असतात. धामणीच्या अशाच झुंजीला आपल्याकडे ‘साप जुगतात’ असे म्हणून वर नवे कापड टाकण्याची पद्धत कित्येक ठिकाणी होती. आफ्रिका आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये एवढा समुद्र असूनही गैरसमज मात्र एकसारखाच निघावा, याची मला गंमत वाटते.

या सगळ्याचा अर्थ माम्बा निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. त्याला कोंडीत पकडले तर तो एकदा डसून थांबत नाही. तो लागोपाठ अनेकदा डसतो आणि डोके उंच उचललेले असल्यामुळे ते दंश कधीकधी मांडीच्या किंवा कमरेच्याही वर बसतात. बंदूक घेऊन त्याच्या मागे लागणे म्हणजे नेमकी ही कोंडी स्वतःहून तयार करणे होय. लक्ष्य म्हणून त्याचे डोके अरुंद असते आणि ते सतत हलत असते. मोठ्या जनावरासाठी बनवलेली रायफल अशा वेळी जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि छर्ऱ्यांची बंदूक वापरायची तर साप धोकादायक अंतराइतका जवळ असावा लागतो. अनुभवी वाटाड्या माम्बा दिसताच हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो, सापाची बिळाकडची वाट मोकळी राहील अशा दिशेने सावकाश मागे सरकतो आणि साप निघून गेल्यावरच पुढे चालू लागतो. भित्रेपणा म्हणून याकडे पाहणारा नवखा शिकारी पुढच्या वेळी त्याच वाटाड्याच्या पाठीमागून मुकाट्याने चालताना दिसतो.

आता विषाकडे वळू. माम्बा एका दंशात सरासरी 100 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडू शकतो आणि प्रौढ माणसाचा जीव घ्यायला 10 ते 15 मिलिग्रॅम पुरेसे असल्याचे मानले जाते. पण आकड्यांपेक्षा हे विष काय करते ते अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याला हात उचलायचा असतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते, समोरच्या स्नायूवरील ठरावीक जागी जाऊन बसते आणि स्नायू आखडतो. काम झाल्यावर एक विकर (एन्झाइम) ते रसायन तोडून टाकते आणि जागा पुढच्या निरोपासाठी मोकळी होते. मज्जातंतू हा पत्रे आणणारा पोस्टमन, स्नायूवरची जागा ही दारावरची पत्रपेटी आणि ते विकर हा वाचून झालेली पत्रे उचलणारा झाडूवाला, असे समजले तर पुढचे सोपे होईल.

माम्बाच्या विषातला डेंड्रोटॉक्सिन हा घटक पोस्टमनला थांबूच देत नाही. मज्जातंतूतील पोटॅशियमच्या वाटा तो बंद करतो आणि त्यामुळे पत्रांचा ढीग येत राहतो. फॅसिक्युलिन हा दुसरा घटक झाडूवाल्याचे हात बांधतो, म्हणून आलेली पत्रे तशीच साचतात. तिसऱ्या गटातील घटक थेट पत्रपेटीचे तोंड चिकटवून टाकतात, त्यामुळे कितीही पत्रे आली तरी एकही आत पडत नाही. सुरुवातीला ओठांना आणि जिभेला मुंग्या येणे, दरदरून घाम सुटणे, लाळ गळणे, कातडीखाली स्नायू आपोआप थरथरणे ही लक्षणे पहिल्या दोन घटकांशी जोडली जातात. त्यानंतर पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू थांबतात. दंशाच्या जागी सूज बऱ्याचदा किरकोळ असते आणि त्यामुळे सुरुवातीला फसगत होते. रुग्णाला बहुधा आजूबाजूचे सगळे कळत असते, फक्त त्याला डोळे उघडता येत नाहीत. म्हणूनच अशा रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून ‘आता काही खरे नाही’ असे बोलणाऱ्या नातेवाइकाला डॉक्टरांनी आधी बाहेर काढावे.

आपल्याकडे नागदंशाच्या रुग्णाला डॉक्टर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन नावाचे औषध देतात. ते औषध झाडूवाल्याला काही काळ अडवते. त्यामुळे पत्रे साचतात आणि ज्या थोड्या पेट्या उघड्या राहिल्या असतील त्यांत ती पडू शकतात. माम्बाचे विष मात्र झाडूवाल्याला स्वतःच अडवून बसलेले असते. म्हणून नागावर उपयोगी पडणारा हा उपाय माम्बाच्या दंशात भरवशाचा मानला जात नाही. तिथे दोनच गोष्टी जीव वाचवतात: श्वास चालू ठेवणारे यंत्र आणि पुरेसे प्रतिविष.

प्रतिविषाला आपल्याकडे बोलताना सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात, पण लस आणि प्रतिविष यांत फरक आहे. लस आपल्या शरीराला आधीच तयार करते, तर प्रतिविषात दुसऱ्या प्राण्याने तयार केलेले रक्षक आयते मिळतात. हा दुसरा प्राणी म्हणजे बहुतेक वेळा घोडा असतो. सापाचे विष अतिशय थोड्या आणि हळूहळू वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात, काही महिन्यांनी त्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि रक्तद्रवातून ती वेगळी काढून शुद्ध केली जातात. जोहान्सबर्ग येथील साउथ आफ्रिकन व्हॅक्सिन प्रोड्यूसर्स ही संस्था तयार करते ते एकत्रित प्रतिविष माम्बा धरून 10 प्रकारच्या सापांवर चालते. पण माम्बाच्या विषातले घटक आकाराने फार लहान असल्यामुळे घोड्याचे शरीर त्यांच्याकडे तितक्या आवेशाने लक्ष देत नाही आणि औषध तुलनेने कमकुवत पडते. परिणामी एका रुग्णाला 10 मिलिलिटरच्या 10 ते 20 कुप्या द्याव्या लागतात. शिवाय घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी असल्याशिवाय कोणी ते टोचत नाही. शिकारीच्या छावणीत एखादी कुपी सोबत बाळगण्याने फारसे साधत नाही, ते याच कारणामुळे.

हे औषध बनवायचे तर आधी विष हवे आणि विष हवे तर साप जिवंत हवा. माम्बाची खरी शिकार झाली ती इथे. कॉन्स्टंटाइन आयोनिडीज या ब्रिटिश माणसाने आफ्रिकेत आधी हत्तींची चोरटी शिकार केली आणि पुढे तो टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, शिकार खात्यात अधिकारी झाला. तिथले सेलूस अभयारण्य एवढे विस्तारले त्यात त्याचा मोठा वाटा होता. उतारवयात त्याने बंदूक ठेवून दिली आणि साप पकडणे हाच धंदा केला. स्थानिक लोक त्याला ‘ब्वाना न्योका’, म्हणजे ‘सापवाले साहेब’, म्हणत. गावात झाडावर ब्लॅक माम्बाचा भाऊबंद, हिरवा माम्बा, दिसल्याची वर्दी आली की तो लांब काठीला जोडलेला चिमटा घेऊन निघे, पानांच्या रंगात मिसळून गेलेला साप शोधून त्याची मान धरे आणि जिवंत साप संग्रहालयांना आणि विषावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना पाठवी. त्याला कित्येकदा दंश झाले आणि त्यापायी बोटे कायमची अधू झाली. 1968 मध्ये त्याचे निधन झाले. हत्तीच्या मागे जाण्यातला थरार त्याला सापात सापडला असेल, पण माझ्या मते त्याचे मोठेपण थरारापेक्षा नजरेत होते: लांबून पान आणि साप यांतला फरक ओळखणारी नजर.

आपल्या देशात या बदलाचे याहून मोठे उदाहरण तामिळनाडूच्या इरुला जमातीचे आहे. पूर्वी ही माणसे कातड्यासाठी साप पकडत. तो व्यापार कायद्याने बंद झाल्यावर 1978 मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तेच हात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडून, विष काढून घेऊन, सापांना पुन्हा रानात सोडू लागले. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष अनेक वर्षे याच संस्थेकडून आले.

पण एका ठिकाणच्या सापाचे विष दुसऱ्या ठिकाणी कामाचे असेलच असे नाही आणि हा मुद्दा आफ्रिकेने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. कोकणातल्या कातळावर आढळणारे आपले फुरसे आणि पश्चिम आफ्रिकेतले फुरसे ही एकाच कुळातील भावंडे आहेत, पण त्यांच्या विषांची घडण वेगळी आहे. घानातील एका ग्रामीण रुग्णालयात चांगले चालणारे प्रतिविष मिळेनासे झाल्यावर भारतात बनलेले दुसरे, स्वस्त प्रतिविष वापरण्यात आले, तेव्हा फुरशाच्या दंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण 1.8 टक्क्यांवरून 12.1 टक्क्यांवर गेले, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. दुसरीकडे, फ्रान्सच्या सनोफी कंपनीने आफ्रिकेसाठीचे ‘फाव-आफ्रिक’ हे नावाजलेले प्रतिविष 2014 मध्ये बनवणे थांबवले, कारण गरीब गिऱ्हाइकाच्या औषधात नफा नव्हता. 2016 मध्ये त्याच्या शेवटच्या कुप्यांची मुदत संपली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतले, त्यामागे ही टंचाईही होती.

या कहाणीला आपल्या बाजूने एक चांगले वळणही आहे. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव आपल्याला टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी माहीत असते, पण तिथल्या प्रीमियम सिरम्स या कंपनीत आफ्रिकेतील सापांच्या विषावर बेतलेले एकत्रित प्रतिविष तयार होते आणि त्यात ब्लॅक माम्बाही येतो. हे औषध भुकटीच्या स्वरूपात असते, त्यामुळे विजेचा भरवसा नसलेल्या दवाखान्यात ते सांभाळणे सोपे जाते. घोड्यांवर अवलंबून न राहण्याचेही प्रयत्न चालू आहेत. 2025 मध्ये डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी अल्पाका आणि लामा या उंटाच्या कुळातील प्राण्यांपासून मिळवलेल्या अतिसूक्ष्म प्रतिपिंडांचे मिश्रण उंदरांवर तपासले आणि नाग-माम्बा कुळातील 18 आफ्रिकी सापांपैकी 17 सापांच्या विषापासून त्याने संरक्षण दिल्याचे जाहीर केले. माणसावरच्या चाचण्या अजून पुढेच आहेत. विषाचा उलटा उपयोगही दिसू लागला आहे. 2012 मध्ये फ्रेंच संशोधकांना ब्लॅक माम्बाच्याच विषात ‘माम्बाल्जिन’ नावाचे घटक सापडले, आणि ते उंदरांमध्ये मॉर्फिनच्या तोडीने वेदना कमी करतात.

माम्बाची एवढी चर्चा केल्यावर हे सांगायला हवे, की आफ्रिकेत गंभीर सर्पदंशांच्या बाबतीत पहिले नाव ‘पफ ॲडर’ या जाड, आखूड, घोणशीसारख्या सापाचे घेतले जाते. आपली घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुस्कारते, तसाच तोही अंग फुगवून फुस्कारतो, पण अनेकदा तेही करत नाही. माम्बा माणसाची चाहूल लागताच निघून जातो, तर पफ ॲडर रंगाच्या भरवशावर पायवाटेच्या कडेला निश्चल पडून राहतो आणि पाय पडला की डसतो. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले, की शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांना आणि मुंगसाच्या कुळातल्या मीरकॅटनाही त्याचा वास वेगळा ओळखता येत नाही. ज्याला कुत्राही हुंगू शकत नाही, त्याच्यावर अंधारात अनवाणी पाय देणारा शेतमजूर काय करणार? आफ्रिकेत दरवर्षी उपचार आवश्यक असणारे 4,35,000 ते 5,80,000 सर्पदंश होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या आकड्यात उंच गाडीतून फिरणारा पर्यटक जवळजवळ नसतो. असतात ते शेतकरी, गुराखी, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका आणि मुले. आपल्याकडचे चित्र वेगळे नाही, कारण 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास पुण्या-मुंबईहून मसाई मारा पाहायला जाणाऱ्या मंडळींनी माम्बाची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण अंधार पडल्यावर तंबूबाहेर चपलेऐवजी बूट आणि हातात विजेरी असावी, सकाळी बूट झटकून घालावेत आणि वारुळाच्या भोकात डोकावू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णाला आडवे ठेवावे, दंश झालेला भाग हलू देऊ नये आणि लगेच गाडी काढावी. माम्बासारख्या मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या सापाचा दंश असल्यास पूर्ण अवयवाभोवती रुंद पट्टी गुंडाळण्याचा सल्ला दक्षिण आफ्रिकेत दिला जातो, पण पफ ॲडरच्या दंशात तीच पट्टी नुकसान करू शकते. म्हणून साप ओळखता आला नाही, तर पट्टीच्या भानगडीत न पडता रुग्णालय गाठणे बरे. वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहावे, कारण माम्बाच्या विषाने स्नायू थांबलेले असले तरी हृदय चालू असू शकते.

छावणीच्या स्वयंपाकघरात माम्बा निघाल्यावर आता बहुतेक ठिकाणी बंदूक काढली जात नाही. आपल्याकडे सर्पमित्राला फोन जातो, तसा तिथेही साप पकडणाऱ्याला फोन जातो. तो येतो तेव्हा त्याच्या हातात आयोनिडीजच्या चिमट्याचीच हलकी, ॲल्युमिनियमची आवृत्ती असते, पोत्याऐवजी आट्याच्या झाकणाची प्लॅस्टिकची लांब बरणी असते आणि डोळ्यांवर गॉगल असतो. गॉगल माम्बासाठी नसतो. फडताळामागे नेमके कोण बसले आहे ते दार उघडेपर्यंत माहीत नसते, आणि तिथल्या विष थुंकणाऱ्या नागाचा नेम डोळ्यांवरच असतो.